नऊ किलोचे दहा

मित्रांनो, खोटं बोलताना माणूस नजर चुकवतो. मला ती सोय नाही. माझे लाल आकडे समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलतात, आणि कुणाला संशयही येत नाही. मी अकोल्याच्या जुन्या शहरात, भाजीच्या दुकानात उभा असलेला एक वजनकाटा आहे. माझे मालक देवीदास. पूर्वी मी त्यांना देवीदासजी म्हणायचो. आता नुसतं देवीदास म्हणतो, आणि का म्हणतो तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मी जन्माने खोटारडा नव्हतो. लोखंडी पाट, उभी मान आणि मानेवर आकड्यांची पेटी, असा मी कारखान्यातून ताठ बाहेर पडलो. दहा किलो ठेवले की दहाच म्हणायचो. माझ्या पोटाशी सरकारी तपासणीचं शिशाचं सील होतं. दुकानात आलो त्या दिवशी देवीदासची बायको सत्यभामा हिने माझ्या पाटाला हळदकुंकू लावलं. ती पहाटेच मळ्यातली वांगी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, मिरची घेऊन यायची आणि तोलून झाल्यावर वर एक वांगं फुकट टाकायची. देवीदास कुरकुरायचा. ती म्हणायची, "राहू द्या हो, वांग्याच्या जागी वांगं येते झाडाले." मला तिचा फार अभिमान वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. तेव्हा धंदा चांगला होता. डाळ गिरण्या तिन्ही पाळ्या चालायच्या, मजूर खानावळीत जेवायचे आणि खानावळवाल्या इंदूबाई रोज चाळीस किलो आलू आमच्याकडून न्यायच्या. त्यामुळे देवीदासने मागेपुढे पाहिलं नाही. अमरावतीला नेऊन ऑपरेशन केलं, केमोच्या सुया दिल्या. सत्यभामा बरी होऊन परत दुकानात बसली. निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, दर तीन महिन्यांनी तपासायला यायचंच. आणि वजनावर लक्ष ठेवायचं. दोन किलो जरी उतरलं, तरी वाट न बघता दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं. हे ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, म्हणून मला पाठ झालं.

मग मंदी आली. मंदी कशी दिसते, असं तुम्ही विचाराल. ती दिसत नाही, हलकी लागते. गिरण्यांची एक पाळी बंद झाली, मग दुसरी. मजूर आपापल्या गावी गेले. इंदूबाईंचे चाळीस किलो पंचवीसवर आले. लोक पाव पाव किलो भाजी मागू लागले. संध्याकाळी टमाटे सडायचे आणि नवराबायको ते निवडत बसायचे.

अशा वेळी घरात आधी काय कापलं जातं, माहीत आहे? टीव्ही नाही, मोबाइल नाही. बाईची तपासणी. तीही नवऱ्याने कापली नाही, तिनंच कापली. अमरावतीला जायचं म्हणजे दुकान एक दिवस बंद आणि वर तपासण्यांचा खर्च. सत्यभामा म्हणाली, "वजन तर पायतोच ना मी. काटा घरचाच आहे. उतरलं का जाऊ." महिन्याच्या पहिल्या सोमवारी देवीदास चहाला गेला की ती चपला काढून माझ्यावर उभी राहायची. चोपन्न किलो. ती मान हलवायची आणि उतरायची. त्याला तिने हे कधी सांगितलं नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर नको म्हणून.

आणि त्याने तिला काय सांगितलं नाही, ते ऐका.

ती माहेरी गेली होती तेव्हा त्याने काटे दुरुस्त करणाऱ्या नत्थुजींना बोलावलं. सत्यभामेसमोर त्याची हिंमत झाली नसती. नत्थुजींनी स्क्रू काढता काढता विचारलं, "किती करू?"

"साडेनऊले दहा करा. बाजार सुधारला का सरळ करून घेऊ."

"समदे असंच म्हनतात," नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी माझं सील तोडलं.

त्या दिवसापासून मी साडेनऊ किलोला दहा म्हणू लागलो. मला पहिल्यांदा फार लाज वाटली. पण मित्रांनो, लाजेने आकडा बदलत नाही. पुढच्या सोमवारी सत्यभामा माझ्यावर चढली तेव्हा मला कळलं, ती तीन किलो उतरली आहे. पाटाखालचं माझं लोखंड खरं तेच सांगत होतं. पेटी मात्र म्हणाली, चोपन्न.

मग तीन महिने गेले. रोग माझ्यापेक्षा चलाख होता. एका सोमवारी मीसुद्धा फक्त साडेएक्कावन्न दाखवू शकलो. सत्यभामेचा चेहरा उतरला. ती उतरली, पुन्हा चढली. तोच आकडा. तिने मनाशी ठरवलं की पुढच्या आठवड्यात काही झालं तरी अमरावतीला जायचं. मी इतका आनंदी कधीच झालो नव्हतो. वाटलं, माझ्या हातून एक तरी गोष्ट बरी घडली. त्या आठवड्यात ती रोज पेलाभर दूध प्यायली, केळी खाल्ली, भिजवलेले चणे चावले.

त्याच आठवड्यात इंदूबाईंनी आलू पंधरा किलोवर आणले. देवीदासने सत्यभामेला मळ्यात धाडलं आणि नत्थुजींना पुन्हा बोलावलं. आता नऊ किलोचे दहा.

गाडीच्या आदल्या दिवशी सत्यभामा परत माझ्यावर उभी राहिली. साडेचोपन्न. ती हसली. शेजारच्या फुलवालीला हाक मारून म्हणाली, "दूध लागलं व बाई आंगाले. कायले जाऊ आता अमरावतीले?" पिशवीत भरलेलं लुगडं तिने परत ट्रंकेत ठेवलं आणि पावशेर पेढे आणून सगळ्यांना वाटले. एक पेढा तिने माझ्या पाटावर ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला.

पंधरा दिवसांनी बडनेऱ्याहून तिची मुलगी मंजुषा आली. लेकीला तपासायला काटा लागत नाही. दारातच तिने आईचे दंड धरले.

"माय, काय होऊन गेली तू! चाल, आजच अमरावतीले जाऊ."

"मले काई नाई झालं. वजन पाय माह्यं," असं म्हणत सत्यभामा माझ्यावर चढली. त्या वेळी दुकानात इंदूबाई आलू घ्यायला उभ्या होत्या आणि देवीदास पोत्याची सुतळी सोडत होता. त्याने तिला माझ्यावर उभं राहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"पाय, चोपन. चार महिन्यांपासून तेवढंच आहे," सत्यभामा म्हणाली. "मी काई लहान आहो का? दर महिन्याले पायतो."

मंजुषाला पटेना. तिने वळून विचारलं, "बाबा, काटा बरोबर आहे ना हा?"

मित्रांनो, तीन बायका त्याच्याकडे बघत होत्या. एक बायको, एक मुलगी आणि एक गिऱ्हाईक. त्याने गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

"काट्याले काय धाड भरली?" तो म्हणाला. "बरोबरच आहे."

मंजुषाने बापाचा शब्द मानला. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

तुम्हाला वाटेल, इंदूबाई गेल्यावर त्याने सांगितलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. त्याने बोटांवर हिशेब केला, हे मी पाहिलं. चोपन्नचे खरे किती, ते त्याला समजलं. पण आधी त्याला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, एवढी लग्नसराई निघून जाऊ दे, इंदूबाईंकडे पंगतींचं काम आहे. तो घरी जास्तीचं दूध आणू लागला, डाळिंबं सोलून तिच्या हातात देऊ लागला. दूध आणणं सोपं होतं. एक महिना तो असं लाडाने वागला आणि सत्यभामेला वाटलं, म्हातारपणी माणसाला मायेचा पाझर फुटला.

महिन्यानंतर टमाट्यांचं कॅरेट उचलताना ती तिथेच बसली आणि उठली नाही. तेव्हा अमरावती गाठली. पुढचं मी मंजुषा रडत रडत फुलवालीला सांगत होती, त्यातून ऐकलं. दवाखान्यातला काटा चव्वेचाळीस म्हणाला. सत्यभामा तिथल्या नर्सबाईंना म्हणाली, "तुमचा काटा बिघडला असन बाई. आमच्या घरचा पाहून घ्या, चोपन सांगते." डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके महिने कुठे होतात? रोग यकृतात पसरला होता. सहा महिने आधी काही करता आलं असतं, आता फक्त दुखणं कमी करता येईल, असं त्या म्हणाल्या.

ती सदतीस दिवसांनी गेली. मरताना तिला एवढंच कोडं होतं की महिन्याभरात एवढं वजन गेलं कसं. ते कोडं सोडवणारा माणूस तिच्या उशाशी बसून पाय दाबत होता.

मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सर लिहिलं आहे. मंदी कुणी लिहीत नाही. माझं नाव तर लिहिणारच नाही. म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आईच्या औषधाची पिशवी बघा. ती म्हणाली, मी बरी आहे, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आकडा म्हणाला, ती बरी आहे, तर आकड्यावरही ठेवू नका. तिला हाताला धरून घेऊन जा. आणि मोठ्या माणसाने सांगितलं की सगळं बरोबर आहे, तर त्याला पुन्हा एकदा विचारा. मंजुषाने विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर नत्थुजी भेटायला आले. त्यांनी माझ्या पाटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "देवीदासभाऊ, काटा सरळ करून देऊ का? काही घेत नाही मी त्याचं."

देवीदास आलू निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

"राहू द्या," तो म्हणाला. "आता कोन चढते त्याच्यावर."