फोन कुणाला करायचा

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा. आठवड्यातून एवढे दोनच दिवस अंबूताई आंघोळ करून, पातळ बदलून, दाराची कडी काढून बसायच्या. बाकीचे पाच दिवस कुणासाठी काढायची कडी? नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा सुमंत बेंगळुरात. धारवाडच्या शाळेत ज्यांना चौतीस वर्षं मराठी शिकवलं, ती पोरं आता वाटेत दिसली तर नमस्कार करून सटकतात. "बाईंच्या डोक्यात काहीतरी झालंय म्हणे," असं एकदा कानावर पडलं आणि त्यांनी बाजारही सोडला.

येणारी होती विमल. हुबळीच्या कमरीपेठेतली, चव्वेचाळीस वर्षांची, भावाकडे राहणारी. आधी धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. मग डोक्याचं दुखणं लागलं, नोकरी गेली, नवराही सोडून गेला. हुबळीतच कोप्पीकर रोडवर एका दुकानाच्या माडीवर एक संस्था आहे. या आजारातून जो उठलाय त्यालाच पगार देऊन दुसऱ्या आजाऱ्याकडे पाठवायचं, हे त्या संस्थेचं काम. सुमंतनं तिथं आईचं नाव नोंदवलं तेव्हा अंबूताई फणकारल्या होत्या, "वा रे वा! बुडालेल्यानं बुडणाऱ्याला पोहायला शिकवायचं?"

पण विमलनं पहिल्या दिवशी "धीर धरा" म्हटलं नाही की "देवाचं नाव घ्या" म्हटलं नाही. खाली बसली, कामवाली दारात ठेवून गेलेली गवार मोडायला घेतली आणि म्हणाली, "मी अकरा महिने केस विंचरले नव्हते, अक्का. उवा झाल्या. शेवटी वहिनीनं कात्रीच घेतली." अंबूताईंना हसू आलं, मग रडू आलं. चार महिन्यांत कुणाशी धड बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी दीड तास बोलल्या.

तिसऱ्या भेटीत दोघींनी इशाऱ्यांचा कागद केला. आजार परत यायला लागला की आधी काय काय होतं ते जिनं तिनं लिहायचं, खाली फोन कुणाला करायचा ते लिहायचं, आणि कागद एकमेकींकडे द्यायचा. "आमच्यात एकतर्फी काही नसतं," विमल अभिमानानं सांगायची. अंबूताईंनी लिहिलं: आंघोळ सुटते, कडी लागते. फोन सुमंतला. विमलनं लिहिलं: झोप उडते, हसू आवरत नाही, गोळ्या नकोशा होतात. फोन ऑफिसात, उत्तरा मॅडमना.

"अगं, घरचं कुणी लिही की," अंबूताई म्हणाल्या.

"ऑफिसच घर की हो आता."

इथंच चुकलं. आपल्या दुखण्याचा पत्ता कुणी पगार देणाऱ्याला देतं का? पण नमुन्याच्या कागदावर ऑफिसचा नंबर छापलेला होता, आणि विमलनं तोच उतरवून काढला.

दिवाळी झाली आणि विमल सोमवारीही यायला लागली. मग बुधवारीही. येताना पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या दिवशी परत पुडा. "ऑफिसनं आणखी चार घरं दिली, अक्का! मॅडम म्हणतात, विमलसारखं काम कुणाचंच नाही!" खरं सांगायचं तर अंबूताईंना ते फार आवडलं. रोज कुणीतरी दार वाजवतंय, हे कुणाला नको असतं हो? विमल एक बोलता बोलता भलतंच बोलते, हातातला चहा विसरते, हे त्यांना दिसत होतं. पण दिसतं ते सगळं बघायचंच असतं असं थोडंच आहे? 

एका बुधवारी अंबूताई नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होत्या आणि विमल हसायला लागली. तोंडाला पदर लावला, तरी हसू थांबेना. तोंड हसत होतं आणि डोळे घाबरलेले होते. 

"विमल, किती दिवस झोपली नाहीस?"

"झोप कशाला पाहिजे? कसं हलकं हलकं वाटतंय बघा."

"आणि गोळ्या?"

विमल उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि अंबूताईंचे दोन्ही हात धरून बसली. "अक्का, फोन नका करू. सलग दोन वर्षं बरं असलेलंच माणूस चालतं त्यांना. परत आजारी पडलं की काढतात. आणि मला काढलं तर तुमच्याकडं कोण येणार, सांगा बरं?"

सांगा म्हणे! काय सांगणार? विमल गेली की दार वाजवणारं कुणी उरणार नाही, हे अंबूताईंना आधीच कळून चुकलं होतं आणि स्वतःची लाज वाटत होती. "उद्यापासून गोळ्या घेते, तुमची शप्पथ," विमल म्हणाली. अंबूताईंनी ते खरं मानलं, कारण त्यांना मानायचं होतं. गुरुवारभर त्यांनी फोन दहादा उचलला आणि दहादा खाली ठेवला.

शुक्रवारी विमल रस्त्यावरूनच ओरडत आली. "चला अक्का, चालत हुबळीला जायचं! सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन जायचं!" हाताला धरून तिनं अंबूताईंना मोठ्या रस्त्यापर्यंत ओढत नेलं. हुबळी-धारवाडच्या जलद चिगरी बसचा मार्ग मधोमध, दोन्ही बाजूंनी कठडा घातलेला. बस भरधाव येत होती आणि विमल कठड्याच्या फटीतून सरळ आत घुसली. अंबूताईंनी दोन्ही हातांनी तिचा पदर ओढला. दोघी मागं पडल्या. बस हॉर्न वाजवत निघून गेली, आणि विमल रस्त्यावर बसून हसतच होती.

तिथंच, खरचटलेल्या हातानं, अंबूताईंनी कमरेचा मोबाइल काढून उत्तरा मॅडमना फोन लावला.

आठ दिवसांनी मॅडम स्वतः घरी आल्या. "तुम्ही तिचा जीव वाचवलात, बाई. अगदी योग्य केलंत."

"कामावर कधी येणार ती?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "देणगीदारांचा नियम आहे हो. आमच्या हातात काही नाही."

"आजारी पडलेल्यांनाच कामावर घ्यायचं आणि आजारी पडले म्हणून काढायचं? हे कुठल्या शाळेतलं गणित?" अंबूताईंचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. मॅडम पर्स घेऊन उठल्या. आता आरुषी म्हणून एक शिकलेली मुलगी पंधरा दिवसांतून एकदा फोन करेल, एवढं सांगून त्या गेल्या. आरुषीचा फोन आलाही. "काकू, एक ते दहामध्ये आज मूड किती?" अंबूताई म्हणाल्या, "दोन." ती म्हणाली, "छान, लिहून घेते."

विमल दवाखान्यातून घरी आल्याचं महिन्यानं कळलं. अंबूताई एकट्या बसमध्ये बसून कमरीपेठेत गेल्या. दोन वर्षांत अशा एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. विमलचा भाऊ यशपाल त्यांना आत घेऊन गेला. विमल खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली, गोळ्यांनी चेहरा सुजलेला.

अंबूताई खाली जमिनीवर बसल्या. "विमल, मलाही असंच झालं होतं बघ. उठून बसायचंसुद्धा..."

"ते नका सांगू, अक्का." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "ते मी तीस घरांत सांगितलंय."

"मी फोन केला म्हणून चिडलीस?"

"नाही. तुम्ही बरोबर केलंत." विमल पहिल्यांदा वळली. "पण तुमच्या जागी मी असते ना, तर नसता केला. आठवड्यातून दोनदा येणारं माणूस तुटलं असतं ना."

मीही दोन दिवस तेच केलं गं, असं अंबूताईंना ओरडून सांगायचं होतं. 

"आणि आता परत येऊ नका," विमल म्हणाली. "तुम्ही समोर बसलात की मला वाटतं, मी कामावर आलेय."

अंबूताई तिथंच, परक्या घरात, मोठ्यानं रडल्या. विमलनं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. थोड्या वेळानं यशपालनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि बसथांब्यावर नेऊन सोडलं.