समासातला चुरा

'अगदी माझंच!'

'हीच माझी सासू.'

चहाचा गोल डाग.

'बाबा असेच गेले.'

कुणाचा तरी फोन नंबर.

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. वाचनालयाच्या टेबलाच्या खणात राहतो. वरचं सगळं मीच पुसलं आहे. डाग तेवढा माझ्या हातचा नव्हता.

आलो तेव्हा मी पांढराशुभ्र, चौकोनी होतो. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथपाल बाई उघडत, समासातलं पेन्सिलीचं लिखाण माझ्याकडून पुसून घेत आणि माझा चुरा तळहाताने झाडत. चुरा जास्त पडला की खूश होत. "लोकांना आपलंसं वाटलं हो हे!" म्हणत. मलाही अभिमान वाटे. झिजत होतो, पण कारणी लागत होतो.

मग कपाटांत जागा उरली नाही. ज्या पुस्तकांनी कधी चुरा पाडल्याचं आठवत नव्हतं, ती बाईंनी रद्दीसाठी काढली. त्यांत एक कादंबरी होती, उजाड बेटावर एकट्याने वारा मोजणाऱ्या माणसाची.

पुस्तकं शिवायला आलेले बाइंडरकाका थबकले. "हे रद्दीत?"

"यात कुणी साधी रेघ ओढल्याचं आठवत नाही. कुणाला आपलं वाटणार ते?"

"बाई, तुम्ही समास बघता, मी शिवण बघतो. चौथ्यांदा शिवलंय हे. न वाचता पुस्तक उसवत नाही."

"वाळवी लागली असेल."

"वाळवी काय दर वेळी त्याच प्रकरणापाशी लागते?"

बाईंना हसू आलं. "मग ते सासूवालं काढू का?"

"छे! सासू कुणाला चुकलीय? राहू द्या तेही. पण नुसतं आपलंच तोंड बघायचं, तर न्हाव्याचं दुकान काय वाईट?"

बाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या. मग बसल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. दिवे लागले, तरी त्यांनी मला वापरलं नाही, नुसतं घट्ट धरून ठेवलं.

"यात माझं काहीच नाही," त्या पुटपुटल्या, "तरी खाली ठेववत नाही."

पुस्तक कपाटात परत गेलं.

आता मी वाटाण्याएवढा उरलोय. मित्रांनो, पुस्तकात स्वतःला जरूर शोधा. नाही सापडलात, तर त्याच्यावर रुसू नका. आणि लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा. शाई मला झेपत नाही.

पहिल्या दिवशी मी पुसलेली पहिली ओळ त्याच कादंबरीतली होती: 'यात माझ्यासारखं कुणीच नाही. पुन्हा वाचणार.'