भिंतीवरचा पासवर्ड

आमच्या घराच्या समोरच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, गेरूने एक आकडा लिहिलेला होता. १४०४१८९१. हा आमच्या वायफायचा पासवर्ड. माझ्या बायकोने, ललिताने, तो लिहिला.

ती अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडीची सगळी माहिती मोबाईलवर भरावी लागते आणि नवेगाव बांध गावातल्या आमच्या वस्तीत मोबाईलला धड रेंज नाही. एकीकडे तलाव, एकीकडे जंगल. म्हणून फायबर आलं तेव्हा तिने लगेच कनेक्शन घेतलं. नेटला नाव दिलं ललिता. पासवर्ड ठेवला बाबासाहेबांची जन्मतारीख, म्हणजे विसरायचं कामच नाही. मग शेजारच्या बाया येऊ लागल्या. कुणाचा नवरा हैदराबादला बांधकामावर, कुणाची पोरगी नागपूरला शिकायला. ललिता भात उतरवत असायची आणि बाहेरून हाक यायची, "ताई, पासवर्ड काय जी?" रोज उठून सांगून ती कंटाळली. एक दिवस काडीला कापूस गुंडाळला, गेरू कालवला आणि लिहून टाकला. लग्नघरावर नवरा-नवरीचं नाव लिहितात तसा, मोठा, रस्त्यावरून दिसेल असा. दरवर्षी धम्मचक्र दिनाच्या आधी घराला चुना लागायचा, आणि चुना वाळला की ती आकडा पुन्हा लिहायची.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली आणि दुपारी नव्हती.

मी पाटबंधारे खात्यात होतो. नहरीवर, म्हणजे कालव्यावर, चौकीदार. दार उघडायचं, दार पाडायचं, पाणी कुठवर गेलं ते चालत जाऊन पाहायचं. या कामात बोलावं लागत नाही, आणि घरी बोलायला ललिता होती. लोक आमच्याकडे यायचे ते तिच्याकडे यायचे. मी आत असायचो, हसणं ऐकायचो.

ती गेल्यावरही बाया ओट्यावर येत राहिल्या. नेट सुरूच होतं, आकडा भिंतीवर होताच. दाराजवळच्या खांबाला टेकून ललिता बसायची, ती जागा सोडून बाकी ओटा भरायचा. मी त्यांना काही म्हणत नव्हतो, त्या मला काही म्हणत नव्हत्या.

माझी मुलगी रीना पुण्याला नर्स आहे. ड्युटीवर जाण्याआधी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. राऊटर पुढच्या खोलीत, खिडकीजवळ. मागच्या खोलीत नेट पोचत नव्हतं, म्हणून मी ओट्यावरच बसून बोलायचो. बोलायचो म्हणजे काय, फोन माझ्या हातात आणि बोलणं बायांचं.

"रीना, बारीक झाली गं पोरी! जेवतेस का नाही?"

"जेवते मावशी."

"तुझा बाप तर काही सांगतच नाही. काल नुसतं वरण खाल्लं, मी पायलं."

ही निर्मलाबाई. समोरच्या घरची, ललिताची मैत्रीण. तिच्याकडे बटनांचा फोन आहे, तिला नेटचं काही काम नाही, तरी ती रोज यायची. निम्मा कॉल असा जायचा. उरलेल्या निम्म्यात रीनाचा चेहरा अडकायचा, कारण ओट्यावर सगळ्यांचेच कॉल सुरू असायचे.

एकदा रीना रडवेली झाली. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचं असतं. आई गेल्यापासून आपण दोघं नीट बोललोच नाही. आणि पासवर्ड भिंतीवर लिहिलाय! उद्या कोणी रस्त्यावर उभं राहून तुमच्या नेटवरून फसवणूक केली, तर पोलीस तुमच्या दारात येतील. मी माणूस पाठवते."

तिचं चुकत नव्हतं. मी हो म्हणालो.

गोंदियाहून चंद्रशेखर नावाचा माणूस आला. मोटरसायकलवर वायरचं भेंडोळं आणि एक खोका. खोक्यात ताटलीएवढा पांढरा डबा, छताला लावायचा. त्याला तो ॲक्सेस पॉइंट म्हणाला. गाडी उभी करून तो भिंतीकडे पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला.

"काकाजी, पासवर्ड भिंतीवर? और वो भी चौदा एप्रिल?"

"काऊन, काय झालं?"

"अहो, आपल्या वस्त्यांत दर तिसऱ्या घरी हाच असते. माझ्या सासऱ्याच्या घरचाही हाच. मी कोणत्याही मोहल्ल्यात जाऊन हा टाकला, की नेट लागते. ताला लावला आणि किल्ली सगळ्याइले वाटली, असं झालं हे."

त्याने राऊटरपासून मधल्या खोलीपर्यंत वायर नेली आणि डबा छताला बसवला. राऊटरचं स्वतःचं वायफाय बंद केलं, आता सगळं डब्यातूनच जाणार. डब्याच्या सेटिंगला कंपनीने दिलेला पासवर्ड असतो, तो आधी बदलला. "हा बदलवतच नाही कोणी. मग चोर दरवाजातून नाही, मिस्त्री बनून येते," असं म्हणाला. बटन दाबून कुणालाही जोडता येतं, तेही बंद केलं. मग नेटला नवं नाव दिलं आणि लांबलचक पासवर्ड ठेवला, अक्षरं, आकडे, चिन्हं मिळून. माझ्या फोनमध्ये टाकला, रीनाला पाठवला.

"कुठी लिहू नका आता. आणि ते भिंतीवरचं पुसून टाका."

मी फोनमध्ये पाहिलं. नेटच्या यादीत वर ललिता असायचं. ते नव्हतं.

"हे नाव कुठं गेलं?"

"ते जुनं होतं. गेलं," तो म्हणाला आणि पेचकस पिशवीत टाकला.

भिंतीवरचं मी पुसलं नाही. पासवर्ड बदललाच आहे, आता तो नुसता आकडा आहे, राहू दे, असं मनात म्हटलं.

त्या संध्याकाळी रीनाचा कॉल मी मागच्या खोलीत घेतला. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. तिलाही माझी दिसली असतील. आवाज तुटत नव्हता.

"जेवले बाबा?"

"जेवलो. तू?"

"ड्युटीवरून आल्यावर."

मग ती माझ्या मागच्या भिंतीकडे पाहत राहिली आणि मी तिच्या मागच्या खिडकीकडे. पुण्यात पाऊस आहे का, मी विचारलं. नाही म्हणाली. धान कसं आहे, तिने विचारलं. बरं आहे, मी म्हणालो. एवढ्या मोकळ्या नेटवर आमच्याजवळ टाकायला काही नव्हतं. "उद्या करते," म्हणून तिने फोन ठेवला.

ओट्यावर बाया आल्या होत्या. मी आतून ऐकत होतो. पलीकडच्या घरची सून दुर्गेश्वरी भिंतीवरचा आकडा मोठ्याने वाचत होती. "एक चार शून्य चार..." मग थांबली. "ललिता दिसतच नाही फोनमध्ये." दुसरी म्हणाली, "दुसरं काहीतरी नाव दिसून राहिलं. त्याले हा टाकून पाय." टाकून पाहिला. पुन्हा टाकून पाहिला. मी उठून बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही. काय सांगणार होतो? थोड्या वेळाने चपलांचे आवाज गेले.

दुसऱ्या दिवशी कमी आल्या. मग कोणी आलं नाही. दुर्गेश्वरीला मी एकदा तळ्याच्या उंच पाळीवर पाहिलं. फोन वर धरून रेंज शोधत उभी होती. तिचा नवरा हैदराबादला आहे आणि लेकरू लहान आहे.

घर इतकं शांत झालं की मधल्या खोलीत डब्याचा हिरवा दिवा लागलेला असायचा, त्याचाही आवाज येतो असं वाटायचं. रीनाचा कॉल रोज यायचा आणि रोज थोडा लहान व्हायचा.

धम्मचक्र दिन जवळ आला. मी चुना भिजवला. बादली घेऊन बाहेर आलो तर निर्मलाबाई रस्त्यात उभी.

"चुना मारून राहिले का भाऊजी?"

"हाव."

"बरं आहे. मिटवूनच टाका ते. पोरी येऊन येऊन पायतात, टाकतात, लागत नाही. काल ती सोनूची बायको म्हणे, ताईनं लिहिलेलं खोटं निघालं."

"खोटं कायचं? पासवर्ड बदलवला."

"ते मले काय समजते? मी तं जे दिसते ते सांगून राहिली. भिंतीवर ललिताचं अक्षर आहे आणि ते लागत नाही. तिनं कोणाले खोटं सांगितलं होतं का कवा?"

ती गेली. मी कुंचला चुन्यात बुडवला आणि उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. शेवटचा एक गेला. त्याच्या आधीच्या नऊपाशी हात थांबला. ललिताचा नऊ खाली वळून वर यायचा, अंगणवाडीच्या तक्त्यावरही तसाच असायचा. लेकरं तिच्याकडून तसाच नऊ शिकली. निम्म्या वस्तीचा नऊ तसा आहे. घरात तिच्या साड्या आहेत, फोटो आहे. पण फोटो कुणीतरी काढलेला. हे तिने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. हे पुसलं तर तिच्या हाताचं बाहेर काही राहत नाही. आणि ठेवलं तर ते खोटं.

मी कुंचला बादलीत टाकला आणि चंद्रशेखरला फोन लावला.

"काकाजी, नेट बंद पडलं का?"

"नाही. नेट बरोबर आहे. जुना पासवर्ड परत करून दे."

"काऊन? पुन्हा सगळा मोहल्ला घुसवता का? रीना मॅडम मले शिव्या देईल."

"रीनाशी बोलतो मी. भिंतीवरचं लागलं पाहिजे."

 मग म्हणाला, "येतो रविवारी. एक रस्ता आहे."

रविवारी तो आला आणि छताकडे बोट दाखवून समजावू लागला. या एकाच डब्यातून दोन नेट निघू शकतात. एक घरचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या नेटवर बसलेल्याला बाहेरचं सगळं मिळतं, पण तुमच्या फोनपर्यंत, टीव्हीपर्यंत, डब्याच्या सेटिंगपर्यंत येता येत नाही. त्यांना एकमेकांचे फोनही दिसत नाहीत. आणि त्याचा वेग बांधून देता येतो, म्हणजे ओटा भरला तरी रीनाचा कॉल अडकणार नाही.

"म्हणजे नहर आणि तिच्यातून काढलेली पाटचारी," मी म्हणालो. "चारीचं दार किती उघडायचं ते आपल्या हातात. चारीतलं पाणी उलटं नहरीत येत नाही."

"अगदी तसंच जी! नाव काय देऊ? गेस्ट?"

"ललिता. स्पेलिंग आधीचंच. आणि पासवर्ड भिंतीवरचा."

त्याने बाहेर जाऊन भिंत पाहिली. "शेवटचा तर उडवला तुम्ही."

"एक आहे."

"माहीत आहे काकाजी, मले नका सांगू." तो हसला. मग म्हणाला, "पोलिसांचं कसं, ते ऐका. हे पूर्ण सुरक्षित नाही. पाहुण्यांच्या नेटवरून कोणी काही केलं, तरी कनेक्शन तुमच्याच नावावर आहे. ओट्यावर कोण बसते यावर नजर ठेवा. अनोळखी दिसला तं विचारा."

"विचारीन," मी म्हणालो. ते काम मी आजवर केलं नव्हतं.

जाताना तो म्हणाला, "एक गोष्ट चांगली केली तुम्ही. नाव तेच, पासवर्ड तोच. ज्यांच्या फोनमध्ये आधी होतं, त्यांना काही टाकायची गरज नाही. फोन ओळखते. जवळ आला की आपोआप लागते."

तो गेल्यावर मी ओट्यावर बसलो. खांबाची जागा सोडून. कोणी आलं नाही. कशाला येतील? एकदा येऊन परत गेलेली माणसं. शेळ्या घरी गेल्या. समोर निर्मलाबाईने दिवा लावला आणि माझ्याकडे पाहून आत गेली.

दुर्गेश्वरी लेकराला कडेवर घेऊन किराणा दुकानाकडून येत होती. आमच्या घरासमोरून जाताना ती मान खाली घालायची, तशी तिने घातली. आणि तिच्या पिशवीत फोन वाजला. एकदा, मग पुन्हा, मग वाजतच राहिला. साचलेले सगळे निरोप एकदम येत होते. ती थांबली. पिशवीतून फोन काढला, पाहिला. मग भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मामाजी, ललिता आली फोनमध्ये."

 आजवर अशा वेळी "ये, बस" म्हणणारी दुसरी होती. दुर्गेश्वरी थोडी थांबली आणि निघायला वळली. लेकराने मागे मान करून माझ्याकडे पाहिलं.

"बस," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला, नहरीवर ओरडायचो तसा. "बस दुर्गेश्वरी. लाव फोन नवऱ्याले."

ती ओट्याच्या टोकाला बसली. पलीकडे फोन लागला, माणूस दिसला आणि लेकरू पडद्याला हात लावू लागलं. समोरून निर्मलाबाई पदर सावरत आली. "सुरू झालं का? मले वाटलंच, पोरगी बसलेली दिसली तवा."

"तुमच्या फोनमध्ये तर येत नाही," मी म्हणालो.

"मग काय झालं? मी का फोनले येते?"

रीनाचा कॉल आला. मी मागच्या खोलीत जायला उठलो आणि पुन्हा बसलो. तिथेच उचलला.

"बाबा, आवाज कुणाचा येतोय?"

"दुर्गेश्वरी आहे. निर्मलाबाई आहे." मग मी तिला नहर आणि पाटचारी सांगितली. बरंच बोललो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आईचं नाव पुन्हा दिसतंय का यादीत?"

"दिसते."

 तिने फोन ठेवला नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि निर्मलाबाई मधे तोंड घालून तिला वांग्याची भाजी कशी करायची ते सांगत राहिली.

भिंतीला नंतर चुना मारला, आकड्याच्या भोवतीने. शेवटचा एक मी लिहिला नाही. गेरू घरात आहे, पण माझा हात तिच्यासारखा वळत नाही. आता कोणी नवा माणूस आला तर सातच आकडे टाकतो आणि लागत नाही. ज्याला ती तारीख माहीत आहे तो विचारत नाही. ज्याला माहीत नाही तो दारातून हाक मारतो. मग मला उठून बाहेर यावं लागतं, तो कोण, कुठला ते विचारावं लागतं, आणि सांगावं लागतं की शेवटी एक आहे.