गाडी शांत झाली तेव्हा

मेस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी खडखडत नाही, असा त्याचा लौकिक होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि शांतपणे म्हणायचं, "डावीकडचा तिसरा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर डावीकडचा तिसराच. लांबलांबून लोक नुसता आवाज दाखवायला गाड्या घेऊन यायचे.

त्याची स्वतःची व्हॅन मात्र एकोणीस वर्षांची होती आणि भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत यावं तशी वाजायची. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," त्याची बायको म्हणायची. "अहो, तुमची गाडी वळणावर आली की मी चहाला आधण ठेवते. घड्याळ बघायची गरजच नाही." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "वाजते म्हणजे चालते. मुकी गाडी दारात उभी असते."

बायको पडदे शिवायची. तीस वर्षं मशीनवर वाकून बसलेली बाई, म्हणून पाठ दुखायला लागली तेव्हा दोघांनीही दोष मशीनला दिला. खुर्ची बदलली, उशी लावली, तेल चोळून झालं. मग एक दिवस तिला मोरीतून उठताच येईना, आणि तपासण्या सुरू झाल्या. सहा वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली होती. ते दुखणं आता मणक्यात उतरलं होतं.

डॉक्टरांनी मेस्त्रीला एकट्याला बाहेर बोलावलं. "रेडिएशनचे दहा शेक देऊ. पण ते दुखणं कमी व्हावं म्हणून. बरं होण्यासाठी नाही. दोन महिने, फार तर तीन." मग त्यांनी विचारलं, "बाईंना मी सांगू का?"

"नको," मेस्त्री म्हणाला. "मी सांगतो. वेळ बघून."

ती वेळ काही त्याला सापडली नाही. सकाळी ती नुकतीच उठलेली असायची, दुपारी औषधाच्या गुंगीत, संध्याकाळी जरा हसत असायची, आणि हसत्या माणसाला हे कसं सांगायचं? "दहा शेक झाले की मणका भरून येईल," असं तो सांगत राहिला. तिनेही शेजारणीला कळवलं, "तुझे पडदे पुढच्या महिन्यात."

यंत्राची पाळी यायलाच दोन आठवडे गेले. पहिला शेक शुक्रवारी होता. मेस्त्रीने व्हॅनची मागची बाकं काढून गादी टाकली आणि अंड्यांच्या टोपल्या न्याव्यात तशी गाडी चालवली. खड्डे त्याने चुकवले, पण सिग्नल कसे चुकवणार? गाडी थांबली की इंजिन आचके द्यायचं, एक ठोका चुकायचा, मरायला टेकायचं, पुन्हा उसळायचं, आणि त्या थरथरीने सगळी जमीन हलायची. जमिनीवर गादी, गादीवर तिचा मणका. जाताना तिने चादरीचं टोक दातात धरलं. येताना तिसऱ्या सिग्नलला ती किंचाळली. बत्तीस वर्षांच्या संसारात मेस्त्रीने तो आवाज ऐकला नव्हता. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर करून आत बघितलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "सोमवारी ॲम्ब्युलन्स सांगतो."

"नको. ती आली की अख्खी गल्ली दारात उभी राहते. आणि आपल्या गाडीत मला तुम्हाला शिव्या तरी देता येतात."

मेस्त्रीने वर्कशॉपचं शटर अर्धं ओढून घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मालकांना "आठवडाभर जमणार नाही" म्हणून सांगितलं आणि शनिवारी सकाळी स्वतःच्या व्हॅनखाली शिरला. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एक फाटून त्याचा भुगा झाला होता, लोखंड लोखंडावर आपटत होतं. एवढी वर्षं हा ठोका आपल्याला ऐकू आला नाही? आला होता. रोज आला होता. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने मालकाला झापलं असतं.

रबर बदललं तरी इंजिनाचे आचके थांबेनात. त्याने प्लग बदलले, हवा आत जाते तिथला डांबरासारखा कार्बन ब्रशने खरवडून काढला. तरी तेच. मग त्याने इंजिन चालू ठेवून एकेका नळीवर साबणाचं पाणी शिंपडलं. एका कोपऱ्यात पाणी पडलं आणि इंजिनाचा सूर बदलला. नळीला केसाएवढी चीर होती. तेवढ्या चिरेतून नको ती हवा आत जात होती. नवी नळी बसवली आणि इंजिन असं संथ झालं, की त्याने पंख्याकडे बघून ते चालू असल्याची खात्री करून घेतली.

रविवारी खडखडाटाची पाळी. सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा, सरकत्या दाराची झिजलेली चाकं, जॅकची ढिली पट्टी. एक टकटक मात्र काही केल्या सापडेना. ती फक्त गाडी चालताना यायची, आणि नेमकी मागून, तिच्या उशीजवळून. मेस्त्रीने शेजारच्या कुशनवाल्याला गादीवर निजवलं. "कान लाव आणि कुठून येतो ते सांग."

कुशनवाला हत्तीच्या अंगाचा. दोन चकरा झाल्या तरी मागून चकार शब्द नाही. तिसऱ्या चकरेला एक नवाच आवाज सुरू झाला, लांबलचक आणि घरघरता. मेस्त्रीने गाडी थांबवून मागे बघितलं. गडी गाढ झोपला होता.

"अरे, आवाज ऐकायला झोपवलं होतं तुला!"

"मेस्त्री," कुशनवाला डोळे चोळत म्हणाला, "गादीवर माणसाला झोप लागली, म्हणजे तुमचं निम्मं काम झालं की." मग त्याने बाजूच्या पत्र्यावर बुक्की मारली. "हितून येतोय."

पत्र्याचं अस्तर उघडलं तर आतून पडद्यांच्या सात-आठ कड्या आणि एक रिकामं रीळ निघालं. पडदे पोचवता पोचवता कधीतरी फटीतून घरंगळलेलं. मेस्त्रीने इंजिन चालू केलं आणि रीळ गादीशेजारी उभं ठेवलं. ते पडलं नाही. दोघं पुरुष उकिडवे बसून, कधी पडतंय याची वाट बघावी तसे त्या रिळाकडे बघत राहिले.

सोमवारी पहिल्या सिग्नलला तिने विचारलं, "बंद पडली का?"

"चालू आहे."

"खोटं बोलताय."

त्याने जरा रेस दिली. मागून हसण्याचा आवाज आला. "बाई गं! मला मणका मोडून घ्यावा लागला तेव्हा ही गाडी दुरुस्त झाली."

त्या आठवड्यात मेस्त्रीला बरं वाटत होतं. त्याच्या हातून काहीतरी होत होतं. ती जाता-येता डुलकी काढायची. दुखणंही थोडं उतरलं. सांगायचं ते राहिलं होतंच. पण आता कुठे तिला आराम पडतोय, असं तो स्वतःला बजावत होता.

आठवा शेक पुढच्या मंगळवारी झाला. दवाखान्याच्या आवारात ऊन रखरखत होतं. त्याने तिला गादीवर निजवलं, गार हवा लागावी म्हणून इंजिन चालू ठेवलं, आणि औषधं घेऊन परत येतोय तोच परगावी असलेल्या लेकीचा फोन आला. तो सरकत्या दाराला पाठ टेकून बोलायला लागला. या गाडीशेजारी उभं राहून आजवर तो काय काय बोलला होता. इंजिन चालू असलं की आतल्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नसे. शिवाय तिचे डोळे मिटलेले होते.

"बाबा, खरं सांगा," लेक म्हणाली.

त्याने खरं सांगितलं. "डॉक्टर म्हणाले दोन-तीन महिने. त्यातला एक जवळजवळ गेला. नाही, आईला नाही सांगितलं. तू ये. पण सुट्टी मिळाली म्हणून आले, असं सांग."

फोन ठेवून त्याने तोंड पुसलं, पुढे जाऊन बसला आणि किल्ली फिरवली. गाडीखालून कर्रर्र असा कर्कश आवाज आला. इंजिन चालूच होतं. त्याच्या स्वतःच्या कानालाही ते कळलं नव्हतं.

तो तसाच किल्लीवर हात ठेवून बसला. खिडकीची काच चार बोटं खाली होती.

"महिना?" मागून तिने विचारलं.

त्याला वळवेना.

"मी विचारतेय. महिना झाला?"

"साडेतीन आठवडे."

"चला घरी."

चाळीस मिनिटांचा रस्ता. एरवी या गाडीत गप्प बसलं तरी कुणी गप्प बसल्यासारखं वाटत नसे. आज तिचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या सिग्नलला ती बोलली. रडत नव्हती.

"साडेतीन आठवड्यांपूर्वी मला बसता येत होतं. तेव्हा सांगितलं असतं तर पोरीला तेव्हाच बोलावलं असतं. दोघी मशीनवर बसलो असतो. तिला तो झालरीचा पडदा शिकायचा होता, दर वेळी म्हणायची. मी काय केलं? छताकडे बघत पडले. म्हटलं, आधी बरी होते, मग करू सगळं."

"मला वाटलं, तुला त्रास..."

"त्रास मला व्हायचा होता ना? मग तो माझा होता. तुम्ही का ठेवून घेतलात?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाणी मागायची तेही "पाणी" एवढंच. शेवटच्या शेकाच्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा तिने मेस्त्रीला सांगितलं, "तुम्ही बाहेर थांबा." तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. दार बंद होतं. आतून कधी तिचा आवाज यायचा, कधी डॉक्टरांचा. भल्याभल्या इंजिनांचं दुखणं दुरून ओळखणाऱ्या त्या माणसाला त्यातला एक शब्दही कळला नाही. वीस मिनिटांनी दार उघडलं.

"झालं," ती म्हणाली. "आता इथे यायचं नाही. घरी राहायचं. दुखण्याचं औषध ते देतायत."

लेक शनिवारी आली. सुट्टी मिळाली म्हणून आले, असं तिला म्हणावं लागलं नाही. मशीन पलंगाजवळ ओढून घेतलं. आई पडल्या पडल्या सांगायची, लेक शिवायची. झालर दोनदा उसवावी लागली, तिसऱ्यांदाही वाकडीच आली. "राहू दे," आई म्हणाली, "आता माझ्याच्याने उसवणं बघवत नाही." तिच्याच्याने मान वळवणंही होत नव्हतं.

मेस्त्रीला तिने माफ केलं का, हे तिने कधी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. फक्त एक नेम तिने लावून दिला. रोज सकाळी तो तिचं तोंड पुसायला बसला की ती विचारायची, "कशी दिसते मी?"

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बरी."

तिने त्याच्या हातातला टॉवेल ढकलून दिला. "पुन्हा विचारते."

"वाईट. डोळे आत गेलेत. कालच्यापेक्षा जास्त."

"हं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "आता पुसा."

ते तेवीस दिवस चाललं. शेवटी शेवटी प्रश्न नुसता ओठांवर यायचा, आवाज फुटायचा नाही. तरी तो उत्तर द्यायचा, आणि खरं तेच द्यायचा. ते सांगताना त्याचा हात थांबायचा नाही.

ती गुरुवारी सकाळी गेली. तेव्हा मेस्त्री स्वयंपाकघरात तिच्यासाठी दूध कोमट करत होता. लेकीने हाक मारली. तो पातेलं हातात घेऊनच आला, आणि पोचला तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. पातेलं कुठे ठेवावं हे त्याला कळेना. लेकीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

थोड्या वेळाने त्याने फोन घेतला. तिच्या थोरल्या बहिणीला कळवायचं होतं. बहीण म्हातारी, हृदयाचा त्रास असलेली, दोन गावं पलीकडे राहणारी. "बाबा, मावशीला एकदम नका सांगू," लेक म्हणाली. "म्हणावं तब्येत बिघडली आहे, या. आल्यावर हळूहळू सांगू."

फोन उचलला गेला. "कशी आहे ती?" पलीकडून पहिलाच प्रश्न आला.

"ताई, आधी खाली बसा," मेस्त्री म्हणाला. खुर्ची ओढल्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला. "बसलात? ती गेली. पंधरा मिनिटं झाली. मी तुम्हाला न्यायला येतोय."