चाखून भरलेलं पोट

सगळे जेवत होते, तेवढ्यात पळी पातेल्याच्या बुडाला खणकन लागली. डाळ संपत आली होती. डाळ कसली, महागाईने पाणीच पिवळं झालं होतं!

"वाटीत बुडी मारली, पण दाणा काही हाती लागला नाही," सासरे म्हणाले.

"दुकानदाराला सांगा, मामंजी!" सून हसली आणि शेवटची पळी तिने नवऱ्याला वाढली.

"अगं, तुला?"

"माझं चाखता चाखताच पोट भरलं." हे वाक्य तिला हल्ली पाठच झालं होतं.

"बायकांची मजा आहे बुवा!" शेतातून दमून आलेला नवरा निर्धास्तपणे भुरके मारू लागला.

चिमुरडीचा घास हातातच थांबला. "आई, मी तर चुलीपाशीच बसले होते. तू कधी गं चाखलंस?"