कॉम्प्युटरचा दसरा

परतूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर धर्मराज सरांचं घर. त्या घरात कॉम्प्युटर आला तो दोन हजार दोन साली, आणि आला तोही वापरलेला. पुण्याला कंपनीत असलेल्या सर्जेरावाने, सरांच्या एकुलत्या एका मुलाने, स्वतःला नवा घेतला आणि हा बापाला पाठवून दिला. सर तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेला माणूस. कोणाला तरी काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. घरात शिकणारं उरलं होतं कोण? उषाबाई.

उषाबाई सातवी शिकलेल्या. माउसला हात लावायचा तर पदराने हात पुसून लावायच्या. पण सरांनी चिकाटी सोडली नाही. बायकोला दिसावं म्हणून अक्षरं मोठी केली, बाण जाडजूड केला, पडद्यावर राजूरच्या गणपतीचा फोटो लावला. शिवाय एका दोनशे पानी वहीत एकेक सोपा उपाय लिहून काढला. मशीन अडकलं तर काय करायचं, पडदा अंधारला तर काय करायचं, बंद कसं करायचं. दर पानावर तारीख आणि खाली सही, जणू शिक्षणाधिकारी तपासायला येणार होते.

त्यातच त्यांना कळलं की मशीन सुरू होताना जो सूर वाजतो तो बदलता येतो. मग काय! जालन्याहून माईक मागवला आणि दुपारभर खोकून-खाकरून एक वाक्य भरलं. दुसऱ्या दिवशी उषाबाईंनी बटण दाबलं, गणपती दिसला आणि डब्यातून सरांचा आवाज आला, "उषे, चष्मा लाव आधी." आणि मागे बारीकसं हसू. उषाबाई दचकून खुर्चीतून उठल्याच. सर दाराआड उभे राहून लहान पोरासारखे हसत होते.

दोन हजार चारच्या श्रावणात सर गेले. सकाळी फुलं तोडायला अंगणात गेले आणि तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. सर्जेराव पोचला तो अग्नी द्यायला.

त्यानंतर उषाबाई रोज सकाळी कॉम्प्युटर लावायच्या. करायचं काहीच नसायचं. आवाज ऐकायचा, चष्मा लावायचा, थोडं बसायचं आणि बंद करायचा. लोकांना वाटायचं, बाई मोठी हुशार झाली. सरांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. लग्नाच्या वेळी कॅसेट नव्हती, पुढे कोणी भरली नाही. होतं ते एवढंच, एका दमातलं.

सर्जेरावाला त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मला न्हाई ऐकवणार आत्ता. पण तू जपून ठेव ते. हिंमत झाली की मी येतो." बापलेकांचं शेवटचं बोलणं फोनवर झालं होतं आणि ते काही धड झालं नव्हतं, एवढं उषाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी खोदून विचारलं नाही. ठेवते म्हणाल्या.

पुढच्या सालचा दसरा आला. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही. वाकळा-गोधड्या दुधना नदीवर जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात, भिंतींना चुना लागतो. सर गेले त्या साली दुःखात दसरा काढला नव्हता. म्हणून यंदा दोन सालांचा एकदम निघाला. शेजारच्या साळूबाईंना हाताशी घेऊन उषाबाईंनी चार दिवसांत घर लखलखीत केलं. पाचव्या दिवशी टेबल पुसायला घेतलं. कॉम्प्युटरचे दोन्ही स्पीकर सोडवून, पुसून अंगणात उन्हाला ठेवले. आणि मग त्यांच्या मनात आलं, सगळ्या घराचा दसरा निघाला, सरांच्या मशीनचाच तेवढा राहिला.

मशीन धुवायला त्या काही वेड्या नव्हत्या. वहीत उपाय होताच. उषाबाईंनी बोट ठेवून वाचला: "साफसफाई. ज्या फोल्डरला स्वतःचं नाव नाही, नुसतं न्यू फोल्डर असं आहे, तो कचरा समजावा. उडवावा. कचऱ्याची बादली रिकामी करावी. शेवटी डिफ्रॅग चालवावं, म्हणजे विस्कटलेलं सगळं नीट लागतं."

न्यू फोल्डर सात निघाले. दुसऱ्याला शिस्त शिकवणाऱ्या या माणसाने स्वतः कशालाच नाव दिलं नव्हतं. उषाबाईंनी तरी प्रत्येक उघडून पाहिला. चौथ्यात कर्ण्याचं चित्र असलेली एकच वस्तू होती. नाव काय, तर बोटं पडली ती अक्षरं. दोनदा टिचकी मारून पाहिली. काहीच झालं नाही. होणार कसं? स्पीकर अंगणात वाळत होते. उषाबाईंनी तोही फोल्डर उडवला आणि बादली रिकामी केली.

मग डिफ्रॅग लावलं. पडद्यावर रंगीत चौकोन सरकायला लागले, एकेक जागेवर जाऊन बसायला लागले. साळूबाईही पाहत बसल्या. परतूरला त्या दिवसांत सहा-सहा तास लाइट जायची. त्या दिवशी मेली एक मिनिट गेली नाही. चार तास चौकोन शिस्तीत लागत राहिले आणि उषाबाईंना फार बरं वाटलं. सर असते तर शाबास म्हणाले असते, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी घट बसवले. त्यानंतर स्पीकर जोडले, बटण दाबलं. गणपती आला. आवाज आला नाही.

उषाबाईंनी वायर काढून पुन्हा लावली. पाच वेळा मशीन बंद करून सुरू केलं. मग तशाच, चपला न घालता, कारभारीच्या क्लासवर गेल्या. कारभारी सरांचाच विद्यार्थी, धान्याच्या मोंढ्याजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. शिकवणी सोडून धावत आला. जालन्याहून उडालेलं परत काढायची सीडी आणून दोन दिवस मशीनपुढे बसला. तिसऱ्या दिवशी त्याने हात जोडले.

"काकू, नुसतं उडवलं असतं ना, तर मी बराबर काढून दिलं असतं. पण तुम्ही डिफ्रॅग केलं. त्या जागेवर आता दुसरं येऊन बसलंय. बिलकुल काही उरलं न्हाई."

"सरांनीच लिहिलंय तसं," उषाबाई म्हणाल्या. वही त्याच्यापुढे धरून त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या, "बघ की रे, त्यांनीच लिहिलंय." कारभारीला वहीकडे पाहवेना. जाताना त्यांच्या पाया पडून गेला.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी सर्जेराव आला. न कळवता आला. पिशवी खाली ठेवली, आपट्याची पानं आईच्या हातात दिली, पाया पडला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आई, लावती का ते? ऐकायला आलोय मी."

उषाबाईंनी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. न्यू फोल्डर, बादली, चौकोन, सगळं सांगितलं. "माझ्या हातानं घालवलं रे मी. तू जपून ठेव म्हणला होतास."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली भिंतीला टेकून बसला.

"बाबांनी तो शेवटचा फोन केल्ता ना. म्हणे, डेस्कटॉपवर लय फाइली ठेवत जाऊ नको, मशीन सुस्त होतं. मी कामात होतो. म्हणलं, बाबा, मी दिवसभर हेच करून राह्यलो, मला काय शिकवता? तर म्हणले..." तो थांबला. "तेवढंच ऐकू येतं मला, आई. दुसरं कोणतंच बोलणं त्यांच्या आवाजात आठवत न्हाई. म्हणून आल्तो. हसतात ना ते त्याच्यात?"

"हसतात," उषाबाई म्हणाल्या.

त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "काय म्हणले होते तुला?"

"जाऊ दे."

"सांग. कसं म्हणले ते सांग."

सर्जेरावाने मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला. "ठेव फोन मंग."

तो धर्मराज सरांचा आवाज होता. तसाच, घशाशी जरा खरखरणारा, मनातून पार दुखावलेला. बापाचा आवाज पोरात उतरला होता, हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"पुन्हा एकदा म्हण," त्या म्हणाल्या.

सर्जेरावाने तोंड उघडलं, पण त्याला ते म्हणवलं नाही.