पान उलटतानाचा आवाज

“थांबा हं, पान उलटतो.”

खोलीत कुणी नसायचं. समोर माइक, माइकमागे भिंत. तरी दर पानाला अण्णा हे म्हणायचेच, आणि अशा अदबीनं, की ऐकणारा जणू समोरच्या खुर्चीत कान देऊन बसलाय आणि त्याला न सांगता पान उलटणं बरं दिसणार नाही.

आठवणीतला तो आवाज त्यांच्या लेकीच्या कानात वाजला तेव्हा ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून खालचा खण उपसत होती. रविवार होता, सकाळचे साडेदहा. वायरींचा गुंता, मेलेले सेल, एका कानाचा हेडफोन. मागच्या अकरा दिवसांत हाच खण तिनं तीनदा उपसला होता. आपण काय शोधतोय हेही धड ठाऊक नव्हतं. हात स्वस्थ बसत नव्हते, एवढंच.

बाहेरच्या खोलीतून टकटक आली. अण्णा पाटीवर खडूचं टोक आपटत होते. गळ्याच्या शस्त्रक्रियेत आवाज गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पाटी हेच त्यांचं तोंड. तिनं दारातून डोकावलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘कात्रे, उतरलं का?’

“उतरतंय, अण्णा. मोठ्या फाइली आहेत ना.”

त्यांनी बाहीनं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. ‘ढगातून पाऊससुद्धा लवकर उतरतो.’

ती हसली आणि पुन्हा खणाकडे वळली.

तिचं कात्री हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. अंधांच्या ग्रंथालयासाठी त्यांनी घरी बसून एकशे बारा पुस्तकं वाचली आणि त्यातला नको तो आवाज कापायचं काम तिच्याकडे होतं. पानांची सळसळ कापायची, खोकला कापायचा, दाराची बेल कापायची. सगळ्यात जास्त कापायला लागायची ती आई. रेकॉर्डिंग चालू आहे हे आईच्या कधी म्हणून ध्यानात राहिलं नाही. खुनाच्या ऐन रहस्यात ती स्वयंपाकघरातून हाक द्यायची, “अहो, चहा झालाय. आणून देऊ की वाचून दाखवू?”

कापलेली, स्वच्छ पुस्तकं ग्रंथालयात सुखरूप होती. न कापलेली मूळ रेकॉर्डिंगं तिच्या कॉम्प्युटरवर होती. आई गेल्यावर कळलं, की ती घरात उरली आहे ती फक्त तिथंच.

पण कॉम्प्युटरला तरी किती झेपणार? जागा संपल्याची तांबडी पट्टी रोज डोळे वटारायला लागली, तेव्हा दादानं क्लाउडवर जागा घेऊन दिली. दोन रात्री आणि एक दिवस फाइली वर चढत राहिल्या. खाली यादीत नावं तशीच राहिली, प्रत्येक नावापुढे ढगाची बारीकशी खूण. काही महिन्यांनी पट्टी पुन्हा तांबडी झाली. हातात दुसऱ्याचं तातडीचं काम होतं. वर आहेतच की, मग खाली ही अडगळ कशाला, असं म्हणून तिनं एकशे बाराच्या एकशे बारा नावं निवडली आणि एका बोटानं पुसली. कचरापेटीही रिकामी केली. हात कसे मोकळे झाल्यासारखे वाटले होते!

मग अकरा दिवसांपूर्वी अण्णांनी पाटी पुढे केली. ‘बोटीच्या पुस्तकाचं मूळ लाव. तुझी आई हसते ते.’

तिनं वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.

“अगं, वरचं आणि खालचं एकच असतं,” दादा फोनवर म्हणाला. “खाली पुसलंस की वरचंही पुसलं जातं.”

“तूच म्हणालास ना, झेपत नाही ते वर ठेव?”

“ठेव म्हटलं, बाई. पूस नाही म्हटलं.” मग त्याचा आवाज खाली आला. “वर पुसलेलं तीस दिवस ठेवतात. कितवा दिवस?”

तिनं कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं.

“एकतिसावा.”

तिनं क्लाउडच्या कंपनीला पत्र लिहिलं. आता काही परत मिळणार नाही, असं दिलगिरीचं उत्तर तासाभरात आलं. तेव्हापासून ती रोज सांगत होती, उतरतंय, अण्णा.

आता खणाच्या मागच्या फटीत, तीनदा उपसूनही हात न पोचलेली एक जुनी हार्ड डिस्क बोटांना लागली. वरची चिठ्ठी अर्धी सोललेली. तिचंच अक्षर. ‘कचरा’.

तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या संकलकाची शिस्त होती. कापलेले तुकडे फेकायचे नाहीत, पुस्तक हातावेगळं होईस्तोवर एका बाजूला जोडत जायचे. पुस्तकं हातावेगळी होत गेली, तुकडे या डिस्कवर जोडायची सवय राहिली. हेही वर चढवायचं का, असं दादानं विचारलं होतं. कचऱ्याला कशाला वरची जागा, असं तीच म्हणाली होती.

डिस्क लावताना घाईत तिनं वायर दोनदा उलटी घुसवली.

तिनं स्पीकर उचलून अण्णांच्या खुर्चीशी नेला. अण्णा ताठ बसले.

“थांबा हं, पान उलटतो.” सळसळ. खोकला. “थांबा हं, पान उलटतो.” बेल. “थांबा हं…” कथा नव्हती, बोट नव्हती, समुद्र नव्हता. नुसती पानं उलटत होती, एकामागून एक, सगळ्या पुस्तकांची. दर पानाला अण्णांची तर्जनी खुर्चीच्या हातावर आपोआप वर होत होती.

मग लांबून, भांड्यांच्या आवाजातून, आई. “काय म्हणालात? कप्तान बोटीवर बसला की कप्तानावर बोट बसली?” आणि ती हसली. हसतच सुटली. वाचणारे अण्णा करवादले, “अगं, रेकॉर्डिंग चालू आहे!” आणि आई म्हणाली, “असू दे की. कात्री आहे ना कापायला. तेवढंच तिला काम.”

अण्णांचे खांदे हलत होते. आवाज नाही, नुसते खांदे. डोळे पुसायच्या आधी त्यांनी पाटी ओढली. अक्षरं वाकडी आली. ‘उतरलं एकदाचं! आता सलग लाव. वाचनासकट.’

नुसती मान हलवायची होती. थोडं सावकाश उतरतंय, असं म्हटलं असतं तर आणखी महिनाभर निभावलं असतं. दादा तर म्हणालाच असता, सुटलीस.

“थांबा हं,” स्पीकर म्हणाला. अण्णांची तर्जनी वर गेली आणि तिनं आवाज बंद केला. बोट तसंच हवेत राहिलं, पान उलटायची वाट पाहत.

ती त्यांच्या पायाशी बसली.

“अण्णा, सलग नाहीये. काहीच उतरत नव्हतं. एकशे बाराही मी माझ्या हातानं पुसलीत. मी कापून टाकलं होतं ना, तेवढंच उरलंय.”